तुकोबांच्या पुलावरून

१८९३ च्या सुमाराची गोष्ट. कवी नारायण वामन टिळक रेल्वेने चालले होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

घर मोडल्यासारखंच झालं. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं सांभाळून, आपलं अन्न वेगळं शिजवून. टिळकांनी सक्ती केली नाही. स्वभावाने तापट माणूस, तरी इथे थांबला. आम्हाला त्यांच्या साऱ्या प्रवचनांपेक्षा हे थांबणं मोठं वाटतं. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ही सगळी ओढाताण ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हसत हसत सांगितली आहे.

टिळक म्हणत, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. मग उपासनेत परकी चाल कशाला? त्यांनी अभंग रचले, कीर्तनं केली, टाळ-चिपळ्या चर्चमध्ये आणल्या. ज्या ख्रिस्ती मिशनसाठी ते काम करत, त्याचा पगार १९१७ मध्ये सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हे ख्रिस्तभक्तांचं मंडळ मांडलं. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पगार सुटल्यावर संसार कसा चालला असेल, ते लक्ष्मीबाईंनाच ठाऊक!

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिलं.