साहेबांसाठीचा तास

चौथीत आम्हाला अपूर्णांक दोनदा शिकवले गेले. सोमवारी आमच्यासाठी, बुधवारी साहेबांसाठी. बुधवारी बाईंनी "कोण सांगेल?" विचारलं आणि ठरल्याप्रमाणे सगळ्यांचे हात वर गेले. केंद्रप्रमुख मागे खुर्ची टाकून वहीत लिहीत होते.

माझ्या शेजारी बसणारा मुलगा मात्र वर्गात नव्हता. त्याला अजून वाचता येत नव्हतं. बाईंनी त्याला सकाळीच झाडांना पाणी घालायला पाठवलं होतं. साहेब जाईपर्यंत तो पाणीच घालत होता.

बाई वाईट होत्या का? शाळा सुटल्यावर त्याच मुलाला थांबवून बाराखडी गिरवून घेणाऱ्याही त्याच होत्या. पण भेट अर्ध्या तासाची आणि शेरा कायमचा. क्लायंटला डेमो देताना मीही अडकणाऱ्या स्क्रीनकडे जात नाही. फक्त, स्क्रीनला ते कळत नाही.

हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी नियम आणला: तपासनीस येऊन मुलांचं वाचन, लेखन, अंकगणित तपासणार आणि त्यावर शाळेचं अनुदान ठरणार. शिक्षकांनी काय केलं असेल? पुस्तकंच पाठ करून घेतली. कवी मॅथ्यू आर्नल्ड पस्तीस वर्षं शाळा तपासनीस होता. मुलं परीक्षा पास होतात पण त्यांना वाचता येत नाही, असं त्याने सरकारी अहवालातच लिहिलं.

मग न सांगता भेट द्यावी? साहेबांची गाडी एका शाळेतून निघाली की पुढच्या शाळेला फोन जातो. आणि भीती तशीच राहते. माझा कोड सहकारी तपासतो तेव्हा मी बिघडलेला भाग आधी दाखवतो, कारण त्याच्या शेऱ्यावर माझी पगारवाढ ठरत नाही. बाईंकडे असा कुणी आला असता, तर त्यांनी त्या मुलालाच पुढे बसवलं असतं, असं मला वाटतं. पण मुळात न शिकवणारा शिक्षक मग कोण पकडणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दोनदा शिकवलेल्या अपूर्णांकांचं मला काही वाटत नाही. तेवढं खोटं मी बाईंना माफ करतो. उलट दुसऱ्यांदा ते जास्त समजले. पण त्या मुलाला बाहेर पाठवणं माफ करता येत नाही. साहेबांना फसवल्याची किंमत त्याने भरली, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

दुपारी शेरा चांगला आला म्हणून बाईंनी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. आम्हाला एकेक. त्याला दोन.