सेवेचे तास

शिवाजी पार्कच्या आसपासच्या घरांतली अकरावी-बारावीची मुलं अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांसाठी अर्ज भरायला बसतात, तेव्हा त्यांच्यापुढे मुळात धर्माचा असलेला एक प्रश्न उभा राहतो. कॉमन ॲप या सामाईक अर्जात अभ्यासाबाहेरच्या दहा उपक्रमांना जागा असते. प्रत्येकाचं वर्णन दीडशे अक्षरांत करायचं आणि सोबत आठवड्याचे तास, वर्षातले आठवडे यांचा हिशेब द्यायचा. हार्वर्डसारखं विद्यापीठ शंभरांतल्या जेमतेम चौघांना घेतं. मग किनाऱ्याची सफाई काय, वस्तीतली शिकवणी काय, सारं त्या रकान्यांकडे डोळा ठेवून सुरू होतं. असे तास मोजून केलेलं काम सेवा ठरतं का?

गीतेचा सतरावा अध्याय परतफेडीची अपेक्षा नसलेल्या दानाला सात्त्विक म्हणतो आणि फळावर नजर ठेवून दिलेल्याला राजस. यावर कुणी म्हणेल, हेतू काही असो, किनारा तर स्वच्छ झाला! मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी नेमक्या याच युक्तिवादाचा समाचार घेतला आहे, आणि त्यांचं उदाहरणही अमेरिकेतलंच आहे. एका शहराला ट्रामची गरज होती, परवानगी रखडली, म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली गेली. लोकांची सोय झाली, पण तेवढ्याने लाच नीतीची ठरली नाही; कर्त्याची बुद्धी तपासावीच लागते. अर्थात सतरा वर्षांच्या मुलाने लाच दिलेली नाही, त्याला इतकं कठोर माप लावणं अन्यायाचं होईल. शिवाय दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कर्म करता करता चित्त शुद्ध होतं, हे आपल्याच परंपरेने सांगितलं आहे. स्वार्थाने वस्तीत गेलेला मुलगा तिथे खरोखर गुंतू शकतो, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी समोरचं पोर त्याला माणूस म्हणून दिसायला हवं. अर्जासोबतच्या साडेसहाशे शब्दांच्या निबंधासाठी त्याच्या गरिबीचा कच्चा माल झाला, तर चित्तशुद्धीची वाटच बंद होते. म्हणून मी दोष तासांच्या नोंदीला देत नाही. दुसऱ्याच्या दैन्यावर स्वतःच्या मोठेपणाची गोष्ट उभी करणं, हा दोष आहे.

शिवाजी पार्कपासून चालत गेलं की बाबासाहेब आंबेडकरांची चैत्यभूमी येते. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. तिथे सेवा प्रवेशाची किंमत नव्हती, शिक्षणानंतर फेडायचं ऋण होतं. बडोद्यात अस्पृश्यतेने त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही आणि ती नोकरी सुटली. ऋण मात्र त्यांनी कराराहून कितीतरी मोठं मानलं आणि आयुष्यभर फेडलं.

नियम विद्यापीठांचे, मुलांनी करायचं काय, असं पालक विचारतात. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातून 2016 साली आलेल्या एका अहवालाने, दिखाऊ सेवेपेक्षा घरच्यांची काळजी घेणं आणि घराला हातभार म्हणून केलेली नोकरी यांना मान द्यावा, असं प्रवेश समित्यांना सुचवलं होतं. कॉमन ॲपच्या उपक्रमांतही घरातल्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकार आहे. आजारी आजीचं औषधपाणी मुलगी करत असेल, तर पालकांनी तिला वस्तीत फोटो काढायला पाठवू नये. तेच काम तिला अर्जात लिहू द्यावं.