एल्मिनाच्या दारापाशी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या राजधानीत, आक्रा येथे असतो. त्याने आईवडिलांना बोलावले होते. "फादर, एवढा खर्च करून तिकडे जायचे, की त्यात थोडी भर घालून पवित्र भूमीची यात्रा करून यायची?" प्रश्न वरकरणी पैशांचा होता, परंतु माणूस घर सोडून दूरदेशी कशासाठी जातो, हा खरा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला होता. आळंदीहून निघालेली पालखी दरवर्षी आमच्या विश्रांतवाडीवरून पुण्यात शिरते. रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या चालणाऱ्यांकडे पाहिले की जाणवते, यांतील कोणीही काही पाहावयास निघालेला नाही. सारे कोणाला तरी भेटावयास निघाले आहेत.

"जा," असे आम्ही त्या कुटुंबाला सांगितले. कारण काही वर्षांपूर्वी आम्हीही तेथे गेलो होतो. सेमिनरीतील आमचा एक सहाध्यायी तिकडे मिशनकार्य करतो, त्याच्या आग्रहावरून. आक्र्याहून पश्चिमेकडे सुमारे दीडशे किलोमीटरवर केप कोस्ट आणि त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर एल्मिना. तेथील समुद्रकिनारा, नारळीची झाडे, रंगविलेल्या होड्या आणि मासळी विकणाऱ्या बायका पाहून वसईकडच्या माणसाला आपण घरीच आहोत असे वाटावे. आणि मग तो पांढरा किल्ला दिसतो.

हा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधावयास घेतला. ते आले होते सोन्यासाठी; पुढे माणसांचा व्यापार सुरू झाला. १५३४ च्या तहाने वसई ज्यांच्या हाती आली ते हेच पोर्तुगीज. ज्या राजसत्तेच्या जहाजांतून आपल्या पूर्वजांकडे बाप्तिस्मा आला, त्याच सत्तेच्या जहाजांतून दुसऱ्या कोणाच्या तरी पूर्वजांना साखळ्या घालून नेण्यात आले. पुस्तकात हे आम्ही वाचले होते. किल्ल्याच्या अंगणात पोर्तुगीजांनी बांधलेले चर्च आणि त्याच अंगणाभोवतीच्या कोठड्या एका नजरेत दिसल्या, तेव्हा मात्र पुस्तक पुरेसे पडले नाही. १६३७ साली किल्ला डचांनी जिंकला. त्यांनी आपले प्रार्थनास्थळ वरच्या मजल्यावर केले आणि त्याच्या दारावर परमेश्वराच्या विश्रांतिस्थानाविषयीचा, १३२ व्या स्तोत्रातील मजकूर लाविला. खाली तळघरात माणसे कोंबलेली होती. 'विश्रांत' हा शब्द आम्ही रोज बसच्या पाटीवर वाचतो. त्या दाराशी तो आमच्या घशाखाली उतरेना.

वाटाड्याने आमचा पांढरा झगा पाहिला आणि शांतपणे विचारले, "वर प्रार्थना करणाऱ्यांना खालचे ऐकू येत नसेल काय?"

याला उत्तर देण्यासाठी आम्ही इतिहास चाळला. पाचवे निकोलस पोपमहाशय यांनी १४५२ च्या आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना कायमचे दास करण्याची मोकळीक दिली. १५३७ साली तिसरे पौल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना दास करू नये असे बजावले, हेही खरे. परंतु गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध करणारे सोळावे ग्रेगरी यांचे पत्र १८३९ चे आहे. दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली सेनेगलमधील गोरे बेटावर क्षमेची याचना केली आणि त्या जुन्या आज्ञापत्रांतून पुढे आलेला 'शोधाचा सिद्धांत' व्हॅटिकनने २०२३ साली जाहीरपणे नाकारला. आमच्या मते, आपल्याच घराचा असा हिशेब डोळ्यांनी पाहणे हीदेखील तीर्थयात्राच. मात्र अश्रू ढाळून, छायाचित्र काढून मोकळे होणाऱ्यांनी तेथे न गेलेलेच बरे.

म्हणून जाणाऱ्यांनी किल्ल्यापूर्वी रविवारची मिस्सा पाहावी. १८८० साली याच एल्मिनात दोन फ्रेंच धर्मगुरू उतरले आणि आजच्या तेथील कॅथोलिक जीवनाचा आरंभ झाला. मिस्सा दोन-तीन तास चालते. घड्याळ खिशात ठेवावे. अर्पणाच्या वेळी लोक नाचत पुढे येतात. अनेक ठिकाणी जन्मवाराप्रमाणे वर्गणीची चढाओढ लागते, तेव्हा आपला जन्मवार आईला विचारून जावे. शुक्रवारी जन्मलेला तो कोफी, हे कोफी अन्नान यांच्या नावावरून ध्यानात राहील. आम्हाला आमचा वार ठाऊक नव्हता. सातही वेळा उठावे लागले.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोड्या. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी आणि तिचा दाखला जपावा. तो नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अलग ठेवतात. साठी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. हिवतापाच्या गोळ्या टाळू नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते. सहारातून धूळ मात्र येते. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पत्ता विचारण्यापूर्वी नमस्कार करावा, हे मात्र पुणेकरांना शिकवावे लागेल.

परतल्यावर आम्ही चर्चच्या सभागृहात एल्मिनाची चित्रे दाखविली. लोक हळहळले. शेवटच्या रांगेत पुण्यात शिकणारा एक आफ्रिकी विद्यार्थी बसला होता. सर्व गेल्यावर तो म्हणाला, "फादर, भाड्याने एखादी खोली मिळवून द्याल का? काल चौथ्यांदा नकार मिळाला." आम्ही आपल्याच तीन घरी विचारले. तिन्ही घरी चहा मिळाला. पुढे त्याने दूर कोठेतरी सोय केली आणि आमच्याकडे येणे थांबले.

आक्र्याला निघालेल्या त्या कुटुंबाला आम्ही हेही सांगितले. यंदा तसाच दुसरा एक मुलगा खोली शोधतो आहे आणि त्यांच्या लेकाची खोली कुलूप लावून रिकामी आहे. पतिपत्नींनी एकमेकांकडे पाहिले. "विचार करून सांगतो, फादर," ते म्हणाले.