वाचलेले पाणी कोणाचे?

यावल-रावेरच्या केळीबागांत ठिबक सिंचन आले, तेव्हा आपण विज्ञानाचे मनापासून स्वागत केले. पाटाने वाया जाणारे पाणी थेंबाथेंबाने मुळाशी पोहोचू लागले. ऊतिसंवर्धित रोपांमुळे बाग एकाच सुमारास निसवू लागली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही लाभले.

तरीही सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरी आटल्या, कूपनलिका खोल गेल्या. असे का व्हावे? वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी केळी लावली. यंत्राने पाणी वाचविले. ते कोणासाठी, हे ठरविणे त्याचे काम नव्हते. भूगर्भातील पाणी बांधापाशी थांबत नाही. आपली कूपनलिका शेजाऱ्याच्या विहिरीतूनही उपसते. मग काटकसरीतून उरलेले केवळ आपले कसे? ज्याची विहीर कोरडी पडली, त्याचाही त्यात वाटा आहे. तो देण्याचे तंत्र मात्र आपल्या विवेकालाच शिकावे लागेल.