गुरुवारचे चिंतन : वजावटीची वही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सध्या उपासना आटोपली की आपल्यात एकच विषय निघतो, इन्कमटॅक्सचं रिटर्न. आपल्या परिवारात नोकरदार आहेत, तसे हातावर पोट असणारेही पुष्कळ आहेत. इंदुरात डबे आणि फराळ करून देणाऱ्या ताई, बेळगावात माग चालवणारे, बडोद्यात शिकवण्या घेणारे, गावोगाव कीर्तनाला जाणारे बुवा. यांना फॉर्म 16 कोण देणार? किती मिळवलं, किती खर्चलं, हे आपणच लिहायचं आणि खाली सहीही आपणच करायची. म्हणून आज हाच विषय घेतो आहोत.

नाथ महाराजांची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना त्यांच्याकडे हिशेबाचं काम होतं. एका पैचा मेळ बसेना, म्हणून रात्रभर दिवा लावून बसले आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. पुढे स्वामी काय म्हणाले, तिकडे कीर्तनकार लगेच वळतात. आपण आज त्या पैपाशीच थांबू. ती पै जास्त निघत होती की कमी, हे कथेत कोणी विचारतच नाही. नाथांना चूक दोन्हीकडची चूकच होती.

आता आपली वही बघा. काही भाविकांना वाटतं, खर्च वजा करणं म्हणजे सरकारचे पैसे बुडवणं. अहो, तसं नाही. धंद्यात कर नफ्यावर आहे, गल्ल्यात आलेल्या सगळ्या पैशांवर नाही. ताईंचं तेल, पीठ, डबे पोहोचवणाऱ्या मुलाची मजुरी, हे सगळं वजा होतं. बुवांची बिदागी हे उत्पन्नच आहे, ते लिहायलाच हवं. पण तबलजी आणि पेटीवाल्यांना दिलेले पैसे आणि गाडीभाडं हा त्यांचा हक्काचा खर्च आहे. भीतीपोटी तो सोडून देण्यात कसलं पुण्य? घरच्यांच्या तोंडचा घास आहे तो. यंत्र किंवा कॉम्प्युटर घेतला असेल तर त्याची किंमत एकदम वजा होत नाही, दरवर्षी घसारा धरतात.

कायदा एकच विचारतो, हा खर्च निव्वळ धंद्यासाठी झाला का? इथे मन फार वकिली करतं. एकाच सिलिंडरवर गिऱ्हाइकाच्या पोळ्या होतात आणि घरची आमटीही. मोबाइलवर ऑर्डर येते आणि माहेरचा फोनही. मग धंद्यापुरता वाटा धरावा, तोही आपल्याला मनातून पटेल असा. पंढरपूरची वारी ‘व्यवसायानिमित्त प्रवास’ म्हणून लिहिणारे आहेत! विठोबाला तरी गिऱ्हाईक करू नये.

रोख व्यवहाराचंही ध्यानात असू द्या. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांहून जास्त रोख दिले, तर खर्च खरा असूनही सहसा तो धरला जात नाही. दिवाळीच्या तेला-तुपाची खरेदी बँकेतून करावी.

छोट्या धंद्यांना आणखी एक सोपी वाट आहे. उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या 6 टक्के नफा धरून कर भरता येतो. मग खर्च वेगळा दाखवता येत नाही. मात्र 6 आणि 8 हे किमान आहे. खरा नफा त्याहून जास्त झाला असेल, तर जास्त दाखवायला कायद्याने जागा ठेवली आहे. ती जागा बहुतेक वेळा रिकामीच राहते.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. काही जण सेवेकऱ्यांकडे हळूच विचारतात, दिले 5,000, पावती 25,000 ची मिळेल का? कोणी म्हणतं, मागची तारीख टाका. मागणारे आपलेच आहेत, अडचणीतही असतील. तरी उत्तर नाही असंच राहील. जे गुरुचरणी ठेवलंच नाही त्याची पावती गुरूंच्या नावाने फाडायची, आणि ती सेवेकऱ्याने आपल्या हाताने लिहायची, हे त्याच्याकडून मागू नये. शिवाय नियम पाहा. देणगीची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही. 2,000 रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही. अन्नदानाला दिलेले तांदूळ, गूळ यांचीही वजावट नाही. ते दान वहीत न येताच राहू द्या.

या रविवारी उपासनेनंतर आपल्यातले दोन सीए बंधू सेवा म्हणून बसणार आहेत. येताना वही, बिलं आणि बँकेचं पासबुक आणावं. बिलं पिशवीत कोंबलेली असली तरी चालतील, लावून घेऊ.

श्री गुरुदेव दत्त 🙏