मडके कच्चे की पक्के?



संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे नाव घेतो. विठ्ठल आपल्याशी बोलतो, मग गुरू कशाला, असे त्यांना वाटे. गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखून त्यांना कच्चे मडके ठरवले, तेव्हा ते दुखावले, अशी कथा आहे. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. देव नसेल तिथे पाय उचलून ठेव, असे ते म्हणाले. तशी जागा सापडेना!

नामदेवांनी देव सोडला नाही, देवाला घातलेले कुंपण सोडले. पुढे पंजाबातही ते आपले झाले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

'मला सगळे कळते' आणि 'मला काही जमणार नाही' या दोन्ही समजुती शिकण्याचे दार लावून घेतात. थापटणे बसले की आपण रागावतो. त्याआधी आवाज कसा आला, तो ऐकू या.