पान आणि औषध

वडूजला येरळेच्या काठी लहानपणापासून कीर्तने ऐकत आल्यामुळे पूर्वरंगातील निरूपण हेच सार आणि उत्तररंगातील आख्यान म्हणजे त्या साराभोवतीचे गोड वेष्टन, अशी जी समजूत मनात घर करून बसली होती, तिला उतारवयात बौद्ध चिनी वाङ्मयाच्या अभ्यासास लागल्यावर मोठाच धक्का बसला.

संघसेनाने संग्रहित केलेले आणि त्याचा शिष्य गुणवृद्धी याने इ. स. ४९२ मध्ये चिनी भाषेत उतरविलेले शतदृष्टान्तसूत्र नावाला शंभरांचे असले, तरी त्यात कथा ९८ आहेत. चिनी साहित्यिक लू शुन यांनी १९१४ साली ते पदरमोड करून छापविले. त्यातील एक धनिक दुसऱ्याची तीन मजली हवेली पाहून सुताराला फर्मावतो, की खालचे दोन मजले मला नकोत, तेवढा तिसरा बांध! व्याकरण आणि अक्षरांच्या याद्या घोकून मी एकदम तत्त्वग्रंथांना हात घातला होता, तेव्हा माझी अवस्था नेमकी त्या धनिकासारखी होती. चिनी अक्षर सुटे पाहिले तर मुके असते. कथेत मात्र ‘मूर्ख मनुष्य’ ही अक्षरजोडी पुनःपुन्हा भेटते, पुढे काय झाले या उत्कंठेने दृष्टी अनोळखी चिन्हांवरूनही पुढे सरकते, आणि बांधलेला तर्क खरा की खोटा याचा निवाडा कथेचा शेवटच करतो.

असे असता ग्रंथाच्या अखेरीस संघसेन सांगतो, की विनोद हे अगद या विषहारी औषधाभोवती गुंडाळलेले पान आहे. औषध लावून झाले की पान टाकून द्यावे. येथे त्या थोर भिक्षूशी माझा नम्र मतभेद आहे. अर्थ हा शब्दाहून वेगळा काढून ठेवता येणारा जिन्नस आहे काय? महानुभाव पंथातील केशोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त सिद्ध केले, तेव्हा सूत्र आणि दार्ष्टान्तिक यांच्यामध्ये दृष्टान्त कायम ठेवला. आमच्या जिल्ह्यातील फलटणला ज्यांची मोठी तीर्थे आहेत, त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा या सांकेतिक लिपीत जपले, ते अक्षरही अर्थाइतकेच राखावयाचे असते म्हणून, असे मला वाटते. ज्याने दृष्टान्त टाकला त्याच्या हाती सिद्धान्ताचे नुसते नाव उरते.

संघसेनाचे संस्कृत मूळ आज नष्ट झाले आहे; हाती उरला आहे तो चिनी अनुवादच. म्हणून चिनी बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासाकडे वळू इच्छिणाऱ्या तरुणांना माझी विनंती एवढीच, की शब्दकोश शेजारी असू द्यावा, परंतु आरंभ या ९८ कथांपासूनच करावा.